१.०च्या अलीकडे

सॉफ्टवेअरला नाव द्यायची वेळ येते ती नेमकी ते अर्धवट असताना. बरंचसं चालत असतं, काही ठिकाणी अजून पडत असतं. तोवर ते आपल्याच मशिनवर असल्यामुळे ‘कालचं बिल्ड’, ‘आजचं बिल्ड’ (बिल्ड म्हणजे कोडपासून तयार केलेली चालणारी फाइल) एवढ्यावर भागतं. मग कुणीतरी म्हणतं, मला वापरून बघायचंय, पाठवा. फाइल दुसऱ्याच्या हातात गेली की दोन प्रश्न उभे राहतात. उद्या आणखी एक पाठवली तर दोन्हींतली नवी कोणती? आणि हिच्यावर किती विसंबायचं?

पहिला प्रश्न बहुतेक वेळा यंत्र विचारतं, दुसरा माणूस. दोघांनाही त्याच एका लहानशा ओळीतून उत्तर मिळायला हवं. मी बरीच वर्षं रिलीज काढण्याचं काम करते आणि मला हे काम मनापासून आवडतं. आवृत्तीचं नाव ठरवायची बैठक म्हणजे वेळेचा अपव्यय असं मानणारे सहकारी मला भेटले आहेत. मला मात्र त्या बैठकीत प्रकल्पाबद्दल जितकं कळतं तितकं इतर कुठल्या बैठकीत कळत नाही. कारण नाव ठरवताना एक गोष्ट सगळ्यांना तोंडानं कबूल करावी लागते: आता काय बदलायचं थांबलंय. माझ्या लेखी पूर्वप्रकाशित, म्हणजे अधिकृत प्रकाशनाआधी बाहेर दिलेल्या, आवृत्तीच्या नावाचं काम एवढंच आहे. काम किती टक्के झालंय हे सांगायला गेलं की ते नाव फसतं.

त्याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं आहे. लिनस टोर्व्हाल्ड्सनं १९९१च्या सप्टेंबरात ०.०१ काढली. १९९२च्या सुरुवातीला आकडा ०.१२पर्यंत आला होता. त्यानंतरची आवृत्ती मार्चमध्ये आली ती थेट ०.९५ म्हणून. मधले सगळे आकडे ओलांडले, कारण १.०, म्हणजे पहिली पूर्ण आवृत्ती, आता हाताशी आली असं वाटत होतं. मग ०.९६, ०.९७, ०.९८ आणि वर्षअखेरीस ०.९९. इथे आकडे संपले. काम संपलं नव्हतं. ०.९९ला पॅचलेव्हल, म्हणजे दुरुस्त्यांचे क्रमांक, लागायला लागले, ते वाढत वाढत पंधरापर्यंत गेले. १.० आली १४ मार्च १९९४ला. ‘पंच्याण्णव’ ते ‘शंभर’ या शेवटच्या पाचांना दोन वर्षं लागली.

यात टोर्व्हाल्ड्सची चूक काढायची नाही. १च्या खालचा दशांश दिसला की आपण सगळेच तो टक्केवारीसारखा वाचतो, आणि शेवटचे टक्के किती लांबतील हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा वाइन हा प्रकल्प १९९३मध्ये सुरू झाला आणि त्याची १.० आली १७ जून २००८ला. पंधरा वर्षं. एवढ्या काळात लोक ते रोज वापरत होते, त्यावर कामं उरकत होते. आकडा मात्र सांगत होता की अजून सुरुवातच झालेली नाही.

कशाच्या तरी जवळ जाणारा आकडा मला एकाच ठिकाणी पूर्ण पटतो, तो डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममध्ये. तिसऱ्या आवृत्तीनंतर त्यांनी नवीन फीचर घालणं थांबवलं, आणि तेव्हापासून प्रत्येक दुरुस्तीनंतर आवृत्तीला पाय (π) या गणितातल्या संख्येचा आणखी एक अंक लागतो. २०१४मध्ये ती ३.१४१५९२६५ होती, २०२१मध्ये ३.१४१५९२६५३ झाली. ही प्रकाशनानंतरची गोष्ट आहे, हे खरं. पण तिथला आकडा काय सांगतो ते बघा. किती उरलंय याचा अंदाज तो देत नाही. आता यात नवं काही येणार नाही, एवढंच तो सांगतो, आणि ते क्नूथ यांच्या हातात आहे.

आता शब्दांकडे वळते. अल्फा, बीटा, आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे प्रकाशनाचा उमेदवार) ही तीन नावं सगळ्यांना माहीत असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यात त्यांचा अर्थ निराळा असतो. एका टीममध्ये बीटा म्हणजे ‘बाहेरच्या लोकांना दिलेलं’, दुसऱ्या टीममध्ये बीटा म्हणजे ‘फीचर संपली’. जीमेलवर १ एप्रिल २००४पासून ७ जुलै २००९पर्यंत बीटाची पाटी होती. कोट्यवधी लोकांची रोजची टपाल त्यातून जात होती. अशा वेळी तो शब्द वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही, आणि ज्या शब्दातून काही कळत नाही तो पाटीवर ठेवू नये असं मला वाटतं.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या मुख्य प्रकल्पात हे फार स्वच्छ आहे. अल्फाच्या काळात नवीन फीचर येऊ शकतं. पहिली बीटा निघाली की दार बंद. त्या आवृत्तीत पुढे फक्त दुरुस्त्या. आरसीला पोचल्यावर तर दुरुस्तीसुद्धा स्पष्ट बगचीच लागते आणि दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय ती आत जात नाही. वर्षाचं वेळापत्रक याच दारांभोवती बांधलेलं असतं: साधारण मेमध्ये पहिली बीटा, ऑक्टोबरात अंतिम आवृत्ती. पायथनसाठी लायब्ररी, म्हणजे इतरांनी वापरायचा तयार कोड, सांभाळणाऱ्या माणसाला यातून नेमकं कळतं की आपल्या टेस्ट कधी चालवायच्या. अल्फावर चालवल्या तर उद्या पायाखालचं सरकेल. बीटावर चालवल्या तर सापडलेला दोष कळवायला अजून वेळ आहे. आरसीवर चालवल्या तर नुसती खात्री करायची.

लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला, आरसी वेगळा. तिथे नवीन कोड घ्यायची खिडकी साधारण दोन आठवडे उघडी असते. ती बंद झाली की आरसी१ निघते, आणि मग दर रविवारी एकेक करत आरसी७ किंवा आरसी८पर्यंत जाऊन अंतिम आवृत्ती येते. आरसी१ला ‘प्रकाशनाचा उमेदवार’ म्हणणं तसं धाडसाचंच. ती काढणाऱ्यालाही ती उद्या प्रकाशित करायची नसते. तरी मला ही पद्धत मान्य आहे, कारण काय बंद झालंय ते सगळ्यांना माहीत आहे: खिडकी. शब्द कुठलाही घ्या, तो वापरायला लागलात त्या दिवशी एक दार खरोखर बंद झालेलं असलं म्हणजे पुरे.

आमच्या टीममध्ये आरसीचा अर्थ मी कडक ठेवायला लावला आहे. काही सापडलं नाही तर हीच प्रकाशित होईल, अशी असेल तरच आरसी. ‘दोन लहान गोष्टी राहिल्यात पण आरसी काढून टाकू’ हे चालत नाही. दोन गोष्टी राहिल्यात तर ती बीटा आहे. यावर भांडणं होतात. भांडण झालं की मला बरं वाटतं, कारण त्या दोन गोष्टी नक्की कुठल्या, त्या आताच का हव्यात आणि पुढच्या आवृत्तीला का ढकलता येत नाहीत, हे त्या निमित्तानं बोललं जातं.

‘हीच प्रकाशित होईल’ म्हटलं की लगेच एक बारीक अडचण समोर येते, आणि ती बहुतेक लेखांतून सुटून जाते. समजा आरसी.३मध्ये काही सापडलं नाही. आता १.०.० काढायची. पण आरसी.३च्या आत, प्रोग्रामची माहिती देणाऱ्या खिडकीत, लॉगच्या पहिल्या ओळीत, सर्व्हरला पाठवल्या जाणाऱ्या हेडरमध्ये ‘१.०.०-आरसी.३’ असं कोरलेलं आहे. ते काढायचं तर पुन्हा बिल्ड करावं लागतं. पुन्हा बिल्ड केलं की फाइल बदलली, चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारी खूणसंख्या) बदलला, आणि टेस्टरांनी जी तपासली ती हीच, असं आता छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. मधल्या काळात बिल्ड मशिनवर कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम करणारं साधन) अपडेट झालेला असू शकतो, एखादी डिपेंडन्सी, म्हणजे आपण वापरत असलेली बाहेरची लायब्ररी, पुढे सरकलेली असू शकते.

यातून सुटायचे मार्ग आहेत. ॲपलमध्ये आवृत्तीचा आकडा वेगळा आणि बिल्ड क्रमांक वेगळा. शेवटच्या उमेदवाराच्या आत अंतिम आकडाच लिहिलेला असतो, ओळख पटते ती बिल्ड क्रमांकावरून, आणि सगळं ठीक निघालं तर बहुतेक वेळा तेच बिल्ड लोकांना मिळतं. या पायरीला तिथे वर्षानुवर्षं गोल्डन मास्टर म्हणत, डिस्क छापायच्या काळातलं नाव. २०२०पासून ते रिलीज कँडिडेट झालं. मार्ग चांगला आहे, पण त्याची किंमत आहे. उमेदवारात दोष निघाला, दुरुस्त करून दुसरा काढला, तर दोन्हींच्या आत १.०.०च असतं. अपडेट शोधणारा प्रोग्राम फक्त आकडा बघत असेल तर पहिल्या उमेदवारावरच्या माणसाला दुसरा कधी दिसणारच नाही. बिल्ड क्रमांकही बघणारी यंत्रणा आपल्या ताब्यात असेल तरच हे परवडतं.

आमच्या ताब्यात ती नाही, म्हणून आम्ही पुन्हा बिल्ड करतो. फक्त ते त्याच कमिटच्या (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाच्या) पुढच्या एका कमिटवरून करतो, ज्यात आवृत्तीची ओळ सोडून काहीही बदललेलं नसतं. कंपायलर आणि डिपेंडन्सी पक्क्या बांधलेल्या असतात, बिल्डची वेळ फाइलमध्ये शिरू दिली जात नाही. मग दोन्ही फाइली बाइटला बाइट लावून बघायच्या. फरक दिसायला हवा तो आवृत्तीची ओळ जिथे जिथे गेली तिथेच. एक जरी जास्तीचा फरक दिसला तर प्रकाशन थांबतं. हे करताना पहिल्यांदा स्क्रीनवर फक्त अपेक्षित तेवढेच फरक उमटले, तेव्हा मला जो आनंद झाला तो नवीन फीचर चाललं तेव्हाच्या आनंदाहून कमी नव्हता.

माणसाच्या प्रश्नाचं एवढं झालं. यंत्राचा प्रश्न वरवर सोपा वाटतो: कोणतं आधी, कोणतं नंतर. यातच सगळ्यांत जास्त सापळे आहेत.

टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेलं सिमँटिक व्हर्जनिंग, म्हणजे आवृत्तीचे आकडे कसे लिहायचे याची नियमावली, आज बहुतेक जण गृहीत धरतात. त्यात तीन आकडे, मग डॅश, मग पूर्वप्रकाशनाचा भाग. डॅश असलेली आवृत्ती डॅश नसलेल्या त्याच आवृत्तीच्या आधी येते. आता २.०.०-बीटा.२ आणि २.०.०-बीटा.११ समोरासमोर ठेवा. तुलना करणारा आधी तीन आकडे बघतो, ते सारखे. मग डॅशनंतरचा भाग टिंबांवर तोडतो. पहिला तुकडा दोन्हीकडे ‘बीटा’. दुसरा तुकडा इकडे २, तिकडे ११. दोन्ही निव्वळ आकडे, म्हणून आकड्यांसारखी तुलना होते आणि ११ मोठा ठरतो. आता फक्त टिंब काढा. ‘बीटा२’ आणि ‘बीटा११’ हे अखंड शब्द झाले, आणि शब्दांची तुलना अक्षराला अक्षर लावून होते. ‘बीटा’पर्यंत जुळतं, पुढे २समोर १ येतो, १ लहान. अकरावी बीटा दुसरीच्या मागे जाऊन बसली. नवव्या बीटापर्यंत हे कुणाच्या ध्यानात येत नाही. दहावी निघाली की टेस्टरांचे निरोप येतात, नवीन अपडेट दिसत नाही म्हणून. काही जण यावर उपाय म्हणून आकड्याआधी शून्यं भरतात. तोही सगळीकडे चालत नाही, कारण टिंबानंतरच्या निव्वळ आकड्याला सुरुवातीचं शून्य या नियमांत निषिद्ध आहे.

शब्दांचं तर याहून गमतीचं आहे. अल्फा, बीटा, आरसी हा क्रम बरोबर लागतो तो केवळ रोमन वर्णमालेत ही नावं त्याच क्रमानं येतात म्हणून. नियमाला त्यांचा अर्थ माहीत नाही. त्यामुळे कुणी ‘डेव्ह’ हा शब्द वापरला, अगदी कच्चं बिल्ड या अर्थानं, तर तो बीटाच्या पुढे आणि आरसीच्या अलीकडे जाऊन पडतो. ‘नाइटली’चंही तेच. ‘फायनल’ लावाल तर ती आरसीच्या मागे राहील, आणि ‘स्नॅपशॉट’ आरसीच्या पुढे जाईल. कॅपिटल अक्षरांचे संकेतांक लहान अक्षरांच्या आधी येतात, म्हणून कॅपिटलमध्ये लिहिलेली आरसी लहान अक्षरांतल्या अल्फाच्याही मागे पडते. पायथन आणि पीएचपी या भाषा आवृत्त्यांची तुलना करतात तेव्हा मात्र ‘डेव्ह’ सगळ्यांत खाली, कारण त्यांच्या नियमांत या शब्दांची रांग नाव घेऊन लिहिलेली आहे. जावाच्या मेवन या बिल्ड साधनातही अशीच रांग आहे: अल्फा, बीटा, माइलस्टोन, आरसी, स्नॅपशॉट आणि मग अंतिम. एकच नाव घेऊन तीन ठिकाणी गेलात तर तीन ठिकाणी त्याची जागा निराळी असू शकते.

डेबियन या लिनक्सच्या वितरणात डॅशला हा अर्थच नाही. तिथे तो पॅकेज करणाऱ्याच्या स्वतःच्या आवृत्तीला मूळ आवृत्तीपासून वेगळं करतो. आणि १.०ला नुसतं आरसी१ जोडलं तर ती १.०हून नवी ठरते, कारण शेपूट लांब. म्हणून तिथे टिल्ड (~) वापरतात. हे चिन्ह रिकाम्या जागेपेक्षाही लहान मानलं जातं, त्यामुळे १.०~आरसी१ ही १.०च्या अलीकडे येते. आरपीएम या दुसऱ्या पॅकेज पद्धतीनं पुढे हीच युक्ती घेतली. टिल्ड विसरून एकदा चुकीची आवृत्ती बाहेर गेली तर उपाय उरतो तो आकड्याआधी एपॉक, म्हणजे बाकी सगळ्याआधी तुलना होणारा एक जास्तीचा आकडा, लावण्याचा, आणि तो एकदा लावला की त्या पॅकेजच्या कपाळी कायमचा.

यातला मला सगळ्यांत शिकवून गेलेला सापळा गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाचा आहे. गिट डिस्क्राइब ही आज्ञा शेवटच्या टॅगपासून, म्हणजे आवृत्तीच्या नावाच्या खुणेपासून, किती कमिट पुढे आलोय ते सांगते: आधी टॅग, मग डॅश, कमिटची संख्या, पुन्हा डॅश, ‘जी’ हे अक्षर आणि कमिटचा हॅश (त्याची ओळख पटवणारी अक्षरं). १.०.०च्या चौदा कमिट पुढे असाल तर ओळ सुरू होते १.०.०-१४ अशी. माणसाला हे बरोबर वाटतं. सिमँटिक व्हर्जनिंग मात्र तो डॅश बघून म्हणतं, ही १.०.०च्या आधीची पूर्वप्रकाशित आवृत्ती. चौदा कमिटनी पुढे असलेलं बिल्ड मागे ढकललं जातं, आणि अपडेट करणारा प्रोग्राम ते काढून जुनं घालायला बघतो.

गो भाषेच्या लोकांनी याचं उत्तर फार विचारानं दिलं आहे. टॅग नसलेल्या कमिटला ते जे नाव तयार करतात त्यात आधी शेवटचा आकडा एकनं वाढवतात. म्हणजे १.२.३च्या पुढचं काम १.२.४च्या अलीकडचं म्हणून नोंदवलं जातं, आणि ते खरंही आहे. मग डॅश, मग एकटं शून्य, मग यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतली वर्ष-महिना-दिवस-तास-मिनिट-सेकंद अशी सलग वेळ, आणि शेवटी हॅशची बारा अक्षरं. ते शून्य कशाला? सिमँटिक व्हर्जनिंगमध्ये निव्वळ आकडा शब्दाच्या आधी येतो. म्हणून १.२.४-०नं सुरू होणारं कुठलंही बिल्ड १.२.४-अल्फाच्या अलीकडेच राहतं. उद्या कुणी अल्फा काढली तर ती सगळ्या रोजच्या बिल्डच्या पुढे आपोआप जाते. एका अंकात केवढी दूरदृष्टी आहे! मी आमच्या रोजच्या बिल्डसाठी हा साचा जसाच्या तसा उचलला.

नावावरून आणखी एक गोष्ट ठरते: कुणाला काय मिळणार. पायथनची पॅकेजं बसवणारं पिप सहसा पूर्वप्रकाशित आवृत्त्या वगळतं. मागितल्या तरच देतं. जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये ‘अमुकपासून अमुकपर्यंत’ अशा नेहमीच्या मर्यादेत डॅशवाल्या आवृत्त्या धरल्या जात नाहीत. म्हणजे डॅश ही बेसावध माणसाभोवतीची भिंत आहे, आणि ती बांधायला एक अक्षर पुरतं. पण भिंतीला दार असतं. एनपीएममध्ये बरीच वर्षं वेगळा टॅग न देता बीटा पब्लिश केली तरी ‘लेटेस्ट’ टॅग तिच्याकडे सरकायचा, आणि नुसतं नाव घेऊन इन्स्टॉल करणाऱ्याच्या हाती बीटा पडायची. म्हणून नाव ठरवताना ते कुठल्या वाटेनं जाणार हेही त्याच बैठकीत ठरवावं.

मोबाइलच्या ॲप स्टोअरांमध्ये तर ही अक्षरं न्यायचीच सोय नाही. आयओएसमध्ये आवृत्ती म्हणजे टिंबांनी तोडलेले तीन पूर्णांक. अँड्रॉइडमध्ये माणसाला दिसणारं नाव काहीही ठेवा, तुलना होते ती वेगळ्या एका पूर्णांकाची. तिथे वेगळा बिल्ड क्रमांक वाढवत नेणं आणि बीटा हा शब्द टेस्टिंगच्या वाटेवर ठेवणं, एवढंच करता येतं.

निव्वळ आकड्यांत भागवायची जुनी रीत सम-विषमाची. लिनक्समध्ये २.४ स्थिर, २.५ विकासातली, २.६ स्थिर. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्येही ३.३८च्या तयारीला ३.३७ म्हणत. कुठल्याही यंत्राला हा क्रम बिनचूक लागतो, हा मोठा गुण. पण विषम म्हणजे कच्चं, हे आतल्या माणसालाच ठाऊक, नवख्याला ३.३७ ही ३.३६च्या पुढची चांगली आवृत्ती वाटणार. ग्नोमनं २०२१मध्ये ४०पासून ही रीत सोडली आणि ४०.अल्फा, ४०.बीटा, ४०.आरसी असं सरळ लिहायला सुरुवात केली. मला तो बदल योग्य वाटतो. वाचणाऱ्याला गुपित माहीत असावं लागतं असं नाव बाहेर देऊ नये.

आकड्याची ताकद किती असते हे केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या ४.०नं दाखवलं. जानेवारी २००८मध्ये ती आली तेव्हा ती मुख्यतः डेव्हलपरांसाठी आणि लवकर वापरून बघणाऱ्यांसाठी आहे असं सांगितलं गेलं होतं. पण आकडा सांगत होता ४.०. अनेकांनी तो वाचला, रोजच्या कामाला घेतला आणि अपुरेपणावर रागावले. नावाशेजारी लिहिलेला खुलासा नावाबरोबर प्रवास करत नाही.

डेबियनचं तर याहून पुढचं. १.०ची तयारी चालू असताना विकासातली प्रत एका सीडी विकणाऱ्या कंपनीनं उचलली आणि ‘डेबियन १.०’ म्हणून छापली. १९९५च्या डिसेंबरात ती प्रत बिघडलेली असल्याचं जाहीर करावं लागलं. मग डेबियननं १.० हा आकडाच सोडून दिला. १९९६च्या जूनमध्ये आली ती १.१. तेव्हापासून तयार होत असलेल्या आवृत्तीच्या फोल्डरला आकडा न देता टोपणनाव देतात, आणि आकडा प्रकाशनाबरोबर येतो. मला हे फार पटतं. २.०.०-अल्फा लिहिलं की २.०.० हा आकडा आपण आधीच खर्च केलेला असतो. जुना वापर मोडणारे बदल पुढे ढकलायचे ठरले आणि जे उरलं ते १.९.०च्या लायकीचं निघालं, तर त्या अल्फा वापरणाऱ्यांना मागे कसं आणायचं? म्हणून अल्फाच्या आधीच्या मोठ्या प्रयोगांना आम्ही शाखेचं नाव देतो आणि ती बिल्ड पॅकेजांच्या भांडारात जाऊच देत नाही. आकडा लागतो तो पहिल्या अल्फाला, काय काय बदलणार हे लिहून झाल्यावर.

एवढं सगळं मांडूनही एक गोष्ट या नावांत मावत नाही, आणि ती मला एका टेस्टर बाईंनी दाखवली. आमची बीटा त्या रोजच्या कामात वापरत होत्या. त्यांनी विचारलं, “बीटा आहे म्हणताय, ते ठीक. पण आज यात सेव्ह केलेली फाइल तुमच्या अंतिम आवृत्तीत उघडेल ना?” बीटा म्हणजे फीचर थांबली, हे आम्ही ठरवलं होतं. फाइलचा साचा थांबला की नाही, हे ठरवलंच नव्हतं. त्यांना पडणाऱ्या-झडणाऱ्या खिडक्यांची फारशी पर्वा नव्हती. स्वतःचं काम हातचं जाईल का एवढीच चिंता होती, आणि ती रास्त होती. पूर्वप्रकाशित आवृत्ती वापरणारा माणूस आपल्याला स्वतःचा वेळ आणि स्वतःच्या फाइली देत असतो. त्याच्याशी बोलताना मोघम राहणं मला आता सहन होत नाही. तेव्हापासून बीटाचा आमचा अर्थ वाढला: फीचर थांबली आणि साचाही थांबला. अल्फात सेव्ह केलेल्या फाइलच्या आतच साच्याचा वेगळा क्रमांक जातो, आणि उघडताना सांगितलं जातं की ही पुढे उघडेलच असं नाही.

०.xबद्दल थोडक्यात. सिमँटिक व्हर्जनिंग म्हणतं, पहिला आकडा शून्य असेपर्यंत काहीही कधीही बदलू शकतं. सुरुवातीच्या काळात ही सूट हवीच. पण हजारो लोक आपल्या लायब्ररीवर उभे असताना वर्षानुवर्षं शून्यावर राहणं मला पटत नाही. एनपीएमनंसुद्धा व्यवहार ओळखून ०.२.३ आणि ०.२.४ एकमेकांशी जुळतात असं धरलं, ०.३ला जुना वापर मोडणारी मानलं. म्हणजे लोकांनी शून्याच्या आतही वचन शोधून काढलं आहे. मग ते सरळ १ लिहून द्यावं.

शेवटचा मुद्दा दिलेला आकडा परत घेण्याचा. आरसी.२ काढली, तासाभरात लक्षात आलं की एक फाइल राहून गेली. अशा वेळी टॅग हलवून त्याच नावानं पुन्हा काढायचा मोह होतो. अजून कुणी घेतली नसेल असं वाटतं. पण ज्यानं तो टॅग आधीच ओढला त्याच्या गिटमध्ये जुना टॅग तसाच राहतो, त्याला कुणी काही सांगत नाही. मग त्याची आरसी.२ आणि आमची आरसी.२ वेगळ्या. तो म्हणतो पडतंय, आम्ही म्हणतो चालतंय, आणि दोघंही खरं बोलत असतात. एनपीएम आणि पायथनचं भांडार एकदा वापरलेलं नाव पुन्हा वापरू देत नाहीत, फाइल काढून टाकली तरी नाही. आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर असं अडवणारं कुणी नसतं, म्हणून आम्ही तो नियम स्क्रिप्टमध्येच घातला आहे: टॅग आधीपासून असेल तर रिलीजचं काम तिथेच थांबतं. आरसी.२ मागे घेतली की आरसी.३ निघते. चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, आरसी.२ची नोंद तशीच राहते, ती का मागे घेतली त्या ओळीसह.